वाघिणीची वाट सोडा

नाताळ आणि नववर्षाच्या सुट्टीत गाडी काढून ताडोबाला निघालेल्या सगळ्यांना चंद्रपुरातून ही कळकळीची विनंती. घर सोडण्यापूर्वी ती वाचा आणि बरोबर येणाऱ्यांनाही वाचून दाखवा. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी, कुठल्याही गेटवर पहाटे अंधारातच जिप्स्यांची रांग लागते. मुंबई-पुण्याहून शेकडो किलोमीटर गाडी हाकत आलेली कुटुंबं कुडकुडत उभी असतात. मोठ्या मिनतवारीने मिळालेली रजा, महिनोन्‌महिने आधी केलेलं बुकिंग, पोरांना दिलेला शब्द, आणि सगळ्यांच्या मनात एकच: वाघ दिसलाच पाहिजे. त्या हट्टापायी जंगलात काय होतं ते आम्ही इथली माणसं दरवर्षी पाहतो. या वर्षी ते होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

३१ डिसेंबर २०२४ आठवा. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगाव गेटच्या बाजूला, एफ-२ नावाने ओळखली जाणारी वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली होती. पुढून पर्यटकांच्या गाड्या आल्या, मागूनही आल्या. आई आणि पोरं मधे कोंडली गेली. त्याची चित्रफीत देशभर फिरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, वनखात्याकडे जाब मागितला, चालक आणि गाईड निलंबित झाले. कारवाई व्हायलाच हवी होती, त्याबद्दल दुमत नाही. पण गाड्यांत बसलेली माणसं दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी पोचली आणि कामाला लागली. गाडी पुढे घ्यायला कोणी सांगितलं, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

अशी कोंडी कशी होते ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सफारीत वाघाचा माग काढायचा तो बहुतेक कानांनी. चितळ भुंकल्यासारखं ओरडतं, सांबराचा खणखणीत आवाज येतो, वानर शेंड्यावरून खाकरतं. याला इथे ‘कॉल’ म्हणतात. कॉल चालू झाला की चालक इंजिन बंद करतो आणि गाईड बोट ओठावर ठेवतो. मागून दुसरी जिप्सी येते, तिसरी येते. सगळे बांबूच्या एका बेटाकडे डोळे लावून बसतात. पाने हलतात आणि ती बाहेर येते. इथपर्यंत सगळं ठीक असतं. पुढच्या अर्ध्या मिनिटात सगळी इंजिनं एकदम सुरू होतात. कोणी रिव्हर्स घेतो, कोणी शेजारच्या गाडीच्या पुढे नाक घालतो, मागच्या सीटवरून कोणीतरी उभं राहून ‘पुढे घे, पुढे घे’ करतं. धुळीचा लोट उठतो. ती दोन पावलं टाकते आणि थांबते. तिचे कान मागे जातात, शेपटीचं टोक झटके देऊ लागतं. दोन गाड्यांमधली फट ती बघते. तेवढ्यात फटीत तिसरी गाडी येते. ती तोंड फिरवते आणि आली तशी बांबूत परत जाते.

गाड्यांमध्ये आनंदीआनंद असतो. ‘हेड-ऑन सायटिंग’, म्हणजे वाघाचं समोरासमोर दर्शन, झालेलं असतं. तिला मात्र रस्त्याच्या पलीकडे जायचं होतं आणि ती जाऊ शकलेली नसते. पलीकडे पाणवठा असेल, आदल्या रात्री पाडलेलं सांबर असेल, झुडपात लपवून ठेवलेली पिल्लं असतील. वाघिणीची पोरं सुमारे दोन वर्षं तिच्या जिवावर असतात. सुरुवातीचे महिने ती त्यांना दडवून शिकारीला जाते, आणि तिच्या बहुतेक झडपा हुकतात. म्हणजे पुन्हा पुन्हा जायचं आणि पुन्हा पुन्हा परत यायचं. यातल्या किती वेळा आपण तिच्या आडवे येतो? सकाळची फेरी, दुपारची फेरी, सुट्टीचा आख्खा आठवडा, आणि बातमी फुटल्यामुळे सगळ्या गाड्या त्याच रस्त्यावर.

वाघ काही बोलत नाही, म्हणून त्याला काही होत नाही असं समजू नका. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगडमधल्या वाघांची विष्ठा गोळा करून तपासली. पर्यटनाच्या हंगामात त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं वाढलेली आढळली, आणि गाड्यांच्या वर्दळीशी त्या वाढीचा संबंध दिसला. असा ताण सतत राहिला तर जनावराच्या प्रजननावर परिणाम होतो. डोळ्यासमोर शांत बसलेला वाघ आतून शांत असेलच असं नाही.

नियम नाहीत का? आहेत, आणि चांगले आहेत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं, म्हणजे कोअरमधलं, पर्यटन काही महिने थांबवलं होतं. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या. प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर, दोन गाड्यांमध्ये ५० मीटर, आणि प्राण्याला घेरायला, खाणं टाकायला, आमिष दाखवायला सक्त मनाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर अभयारण्यात प्राण्याला डिवचणं आणि कचरा टाकणं या दोन्ही गोष्टींना एकाच वाक्यात बंदी घातली आहे. ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही. एवढं सगळं असूनही गोठणगाव घडलं. याचं कारण नियमांच्या पुस्तकात सापडत नाही. ते जिप्सीतल्या बोलण्यात सापडतं.

गेटवर गाडी सुटायच्या आत जे बोलणं होतं ते मी कितीदा ऐकलं आहे. ‘भाऊ, वाघ दाखवाल ना? दाखवला तर खूश करून टाकू.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ऐकणारा मोहर्लीचा, कोलाऱ्याचा, आसपासच्या एखाद्या गावचा तरुण असतो. त्याचं घर या हंगामावर चालतं; पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद. त्याला नियम तोंडपाठ आहेत, तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त. वाघीण चिडली आहे हे त्याला कानांवरून कळतं. पण पाठीमागे सहा माणसं आहेत, शेजारची जिप्सी पुढे घुसली आहे, आणि आपण मागे राहिलो तर ‘आमच्या ड्रायव्हरने काही दाखवलंच नाही’ हे हॉटेलपर्यंत जाणार आहे. त्या क्षणी तो चूक करतो. पकडला गेला तर परवाना त्याचा जातो आणि पोरांची फी त्याची थकते. त्याच्याकडून ही चूक होऊ न देणं तुमच्या हातात आहे.

म्हणून माझं पहिलं मागणं. जिप्सीत बसल्या बसल्या, चावी फिरवायच्या आधी, चालकाला आणि गाईडला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा: ‘वाघ दिसला तरी बक्षिशी तेवढीच, नाही दिसला तरी तेवढीच. जवळ नेऊ नका. गर्दी दिसली तर आपण तिथे थांबायचं नाही.’ मग बघा त्या माणसाचा चेहरा कसा मोकळा होतो. त्याला जे करायचंच होतं त्याची परवानगी तुम्ही दिलेली असते. बक्षिशी द्यायची तर रस्त्यावरची गोंडकालीन दगडी खांबांची रांग दाखवली म्हणून द्या, ताडोबा तलावातली मगर, मोहाच्या खोडावरचे अस्वलाच्या नखांचे ओरखडे, रानकुत्र्यांची टोळी दाखवली म्हणून द्या. तलावाकाठी तारूचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना पडलेला हा गावाचा मुखिया आदिवासींचा देव झाला आणि पौषात त्याची जत्रा भरते. हे सगळं त्या मुलाला सांगता येतं, पण ‘वाघ कुठे आहे’ यापलीकडे त्याला कोणी विचारतच नाही.

दुसरं मागणं गाडीच कोंडीत सापडली तेव्हाचं. ‘मागे घ्या’ म्हणा. एवढे दोनच शब्द. एका जिप्सीने माघार घेतली की फट उघडते आणि वाघीण निघून जाते. मागच्या गाडीतले ओरडतील, ओरडू द्या. सीटवर उभं राहू नका, मुलांनाही उभं करू नका. कुजबुजसुद्धा थांबवा. आणि हो, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद आहे ना हे हॉटेलवरच तपासून निघा.

आता रस्त्याबद्दल, कारण तुमची सफारी गेटवर सुरू होत असली तरी वाघाचं जंगल कितीतरी आधी सुरू होतं. महाराष्ट्रात २०२२ च्या गणनेत ४४४ वाघ मोजले गेले. ते सगळे काही गेटाच्या आत राहत नाहीत. बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, पेंच यांच्यामधल्या पट्ट्यांतून त्यांचं येणं-जाणं असतं आणि हे पट्टे आपल्या महामार्गांनी जागोजागी कापले आहेत. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ बोरचा ‘बाजीराव’ वाघ वाहनाच्या धडकेत मेला. ऐन सुट्टीचा तो आठवडा. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका भरधाव कारने तरुण वाघाला उडवलं. तो मोडलेल्या अंगाने फरपटत रस्त्याकडेला जाताना अनेकांनी फोनवर पाहिला असेल. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी रस्त्याखालून मार्ग ठेवले आहेत आणि वाघ ते वापरतात, हे कॅमेऱ्यांनी दाखवून दिलं आहे. पण असे मार्ग मोजक्याच ठिकाणी आहेत. बाकी सगळीकडे वाघ आणि तुमची गाडी यांच्यामध्ये फक्त तुमचा ब्रेक आहे.

समृद्धी महामार्गावरून ताशी १२० च्या वेगाने आलेला पाय नागपूरनंतर हलका करावा लागतो, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. उमरेड-भिसी-चिमूरवरून कोलाऱ्याकडे या, वरोऱ्यावरून चंद्रपूरला या, किंवा चंद्रपूर-मूल रस्त्याने जा, दोन्ही बाजूंना झाडं दाटली की वेग चाळीसवर आणा. शक्य असेल तर दिवेलागणीनंतर जंगलातल्या रस्त्यावर गाडी घालूच नका. रात्र झाली तर नागपूर किंवा चंद्रपूर शहरात मुक्काम करा आणि पहाटे निघा. सकाळचं गेट चुकेल या भीतीने रात्रीतून गाडी दामटणारे दरवर्षी असतात. त्यांना सांगतो, बुकिंगचे पैसे बुडू द्या.

चंद्रपूर-मोहर्ली रस्त्याचं दुखणं वेगळंच. पद्मापूर सोडलं की आगरझरी, भामडेळी, मोहर्ली असा हा रस्ता कोअरभोवतीच्या बफरच्या जंगलातून जातो. हा सार्वजनिक रस्ता आहे. तिकीट नाही, गाईड नाही, आणि संध्याकाळी वाघ अनेकदा दिसतो. मग गाड्या थांबतात, काचा उतरतात, माणसं खाली उतरतात. एकदा पाहिलेलं सांगतो. दहा-बारा गाड्या दोन्ही बाजूंनी अडकलेल्या. वाघ झुडपाच्या कडेला बसलेला. मोबाईल वर धरून लोक पुढे पुढे सरकत होते आणि त्यांच्या मागे एक बाई सायकल हातात धरून उभ्या होत्या. हँडलला डब्याची पिशवी. चंद्रपुरातलं काम आटोपून त्या गावाकडे निघाल्या होत्या. अंधार पडत चालला होता. पुढे जाता येईना, मागे जाऊन उपयोग नाही, आणि काच वर करायला त्यांच्याजवळ गाडी नाही. कोणीतरी वळून त्यांनाच ‘थोडं थांबा ताई, जाईल तो’ म्हणालं. तो जाणार कुठे? गाड्यांनी रस्ता बंद केला की तो शेताकडेच वळणार, आणि त्या शेतात त्या बाईंचं घर.

या जिल्ह्यातल्या लोकांनी वाघाला काय किंमत मोजून सांभाळलं आहे, हे पर्यटकांना ठाऊक असायला हवं. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. २० नोव्हेंबर २०२१ ला खुद्द ताडोबात व्याघ्रगणनेसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ठार केलं. त्या कामावर होत्या; ज्या वाघांना बघायला आपण येतो त्यांची मोजदाद ठेवण्याच्या कामावर. आणि जामणीच्या ज्या गवताळ मोकळ्या पट्टीवर जिप्स्या थांबतात तिथे एक गाव नांदत होतं. जामणी, बोटेझरी, नवेगाव या गावांनी आपली घरं, शेतं, देवळं सोडली, तेव्हा ती जागा वाघाला मिळाली. उठून गेलेल्या त्या माणसांनी जागा वाघासाठी सोडली होती, गाड्यांच्या गर्दीसाठी सोडली नव्हती. माणसांनी घेरण्याची सवय झालेला वाघ माणसाला बिचकेनासा होईल, ही इथल्या गावकऱ्यांची भीती आहे. सरपण आणायला, गुरं चारायला जंगलात पाऊल ठेवायचं असलेल्या माणसाची ही भीती आहे. तिला हसू नका.

सार्वजनिक रस्त्यावर वाघ दिसला तर गाडीतच बसा, काचा वर घ्या, हॉर्न वाजवू नका. त्याला रस्ता ओलांडू द्या आणि तो गेला की चालते व्हा. मागे सायकलवाला किंवा दुचाकीवाला असेल तर तुमच्या गाडीचा आडोसा त्याला द्या. वाटेत माकडांना बिस्किटं, केळी टाकू नका. एकदा चटक लागली की ती रस्त्यावरच बसून राहतात आणि चाकाखाली जातात.

कचऱ्याबद्दल एकच प्रसंग पुरे. २०२४ च्या फेब्रुवारीत ताडोबातल्या एका वाघाने पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून उचलून नेल्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. ती बाटली कोणा माणसाच्याच हातून तिथे गेली होती. स्टीलची बाटली आणा, आणलेला प्रत्येक कागद परत न्या.

आणि एकतीसची रात्र. मोहर्ली, कोलारा, आडेगाव परिसरातली रिसॉर्टं जंगलाला खेटून आहेत. तुमच्या हॉटेलात डीजे लावणार आहेत का, फटाके उडवणार आहेत का, हे आजच फोन करून विचारा. ‘हो’ म्हणाले तर सांगा की आम्हाला नको आहे. गिऱ्हाईकच नको म्हणालं तर मालक कशाला खर्च करेल? जी चितळं ओरडून तुम्हाला वाघाची चाहूल देतात त्यांना रात्रभर हादरवून सकाळी त्यांच्याच कॉलची वाट बघत बसणं कुणाच्याच हिताचं नाही.

आता बुकिंग नसलेल्यांसाठी. ‘जाऊ तर खरं, गेटवर काहीतरी जमेल’ असं म्हणून निघू नका. सुट्टीत जमत नाही. मंगळवारी तर कोअरमधली सफारी बंदच असते, आणि दर सुट्टीत कितीतरी गाड्या नेमक्या मंगळवारी येऊन गेटवर हुज्जत घालतात. एजंटांच्या गोड बोलण्यात अडकू नका. वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळालं तरच बुकिंग मिळालं असं समजा, आणि बुकिंगवर दिलेलंच ओळखपत्र आणा. रजा पुढे ढकलता येत असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत आडवारी या. कोअर ३० जूनपर्यंत उघडं असतं आणि आडवारी रस्त्यावर गर्दी कमी असते. रजा पुढे जात नसेल आणि यायचंच असेल, तर चंद्रपूर बघा. गोंड राजांचा परकोट, जटपुरा आणि पठाणपुरा दरवाजे, अंचलेश्वर आणि महाकालीची देवळं, राणी हिराईने बीरशहाच्या आठवणीत बांधलेली समाधी, भद्रावतीची विजासन लेणी, वाटेवर वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. वैनगंगेकाठचं मार्कंडा एका दिवसात होतं. यातल्या निम्म्या जागी तुम्हाला दुसरा पर्यटक भेटणार नाही.

नियम मोडलेला दिसला तर गप्प राहू नका. बफरच्या किंवा महामार्गाच्या रस्त्यावर वाघाला घेरलेलं दिसलं, कोणी खाली उतरलेलं दिसलं, एखादं जनावर जखमी पडलेलं दिसलं, तर वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर लगेच फोन करा. जागा, वेळ आणि गाडीचा क्रमांक सांगा. कोअरमध्ये फोन जवळ नसेल. तिथे जे दिसलं ते बाहेर पडताना गेटवर लेखी द्या, आणि तुमच्या गाईडने गाडी मागे घेतली असेल तर त्याचं नाव घालून तेही लिहून द्या.